‘स्मृतिचित्रे’ संपली, आता पुढे काय वाचायचं?

आई दवाखान्यात होती. रात्री तिच्याजवळ बसताना वाचायला म्हणून कपाटातलं हाताला लागेल ते पुस्तक पिशवीत टाकलं, ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ निघालं. पहाटे तीनच्या सुमारास मी तोंडावर ओढणी दाबून हसत होते आणि दोन पानांनंतर तीच ओढणी डोळ्यांना लावत होते. शाळेची पायरीही न चढलेली एक बाई. वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले. नवरा मोठा कवी, पण शीघ्रकोपी आणि घरातलं होतं-नव्हतं दुसऱ्याला देऊन टाकणारा. १८९५ मध्ये तो धर्मांतर करतो आणि हिचा संसार उभा दुभंगतो. हे सगळं सांगताना ती कुठेही रडगाणं गात नाही, उलट हसवते.

पुस्तक संपलं तेव्हा मला अगदी तसंच दुसरं हवं होतं. एका ठिकाणी जाऊन मी विचारलं, “असंच काहीतरी विनोदी आहे का?” हातात तीन विनोदी कथासंग्रह आले. पुस्तकं वाईट नव्हती, पण माझी भूक वेगळीच होती. पुढचं वर्षभर मी चुकत-माकत शोधत राहिले. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला आवडलेलं पुस्तक दुसरं असलं तरी वाट हीच आहे.

हाताशी काय हवं

एक छोटी वही. आवडलेलं मूळ पुस्तक, परत केलं असेल तर पुन्हा आणा. वाचनालयाचं सभासदत्व नसेल तर ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत, दोन फोटो, अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी. काही वाचनालयांत जुन्या सभासदाची ओळखही लागते, म्हणून आधी फोन करून वेळ, सुट्टीचा वार आणि कागदपत्रं विचारून घ्या. अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती मागतात.

१. हसू आलेली तीन पानं शोधा

मूळ पुस्तक पुन्हा उघडा आणि ज्या तीन जागी हसू आलं, त्यांच्यापुढे वहीत एकेक ओळ लिहा: इथे नेमकं काय चाललं होतं? मी लिहिलं तेव्हा लक्षात आलं की तिन्ही जागी घरात काहीतरी भयंकर घडत होतं. एकदा पैसे संपले होते, एकदा नवरा निघून गेला होता, एकदा दुखणं होतं. प्रसंग हसण्याचा नव्हताच. हसू होतं ते सांगणाऱ्या बाईच्या आवाजात.

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग विषयाच्या मागे लागतात. मीही तेच केलं. जुन्या काळातली, मोठ्या माणसाची पत्नी, स्वतःच्या आठवणी, एवढा हिशेब मांडून रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणलं. पुस्तक मोलाचं आहे आणि ते प्रत्येकाने वाचावं, पण त्यातला सूर आदराचा, शांत. लक्ष्मीबाईंसारखी नवऱ्यावर चिडून, त्याच्यावर जीव टाकून, एकाच वाक्यात दोन्ही सांगणारी बाई तिथे भेटत नाही. विषय जुळला म्हणजे आवाज जुळतोच असं नाही.

२. कोण कोणाला हसतंय, ते ओळखा

दुःखातून हसवणारी आत्मकथनं मला साधारण तीन जातींची सापडली. आपल्याला कुठली जात लागली हे कळलं की शोध निम्मा होतो.

पहिल्या जातीत माणूस स्वतःच्या घराला हसतो: आईबापांना, नवऱ्याला, स्वतःच्या भाबडेपणाला. ‘स्मृतिचित्रे’ या जातीचं. फ्रँक मॅकोर्टचं ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ही याच जातीचं. आयर्लंडमधल्या लिमरिक गावची ओल, दारुडा बाप, एकामागून एक गेलेली तीन भावंडं, आणि हे सगळं लहान मुलाच्या नजरेतून. न्यूयॉर्कमध्ये शिक्षकी केलेल्या मॅकोर्टचं ते पुस्तक १९९६ मध्ये आलं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं.

दुसऱ्या जातीत माणूस व्यवस्थेला हसतो. ट्रेव्हर नोआचं ‘बॉर्न अ क्राइम’ (२०१६) घ्या. आई काळी, वडील गोरे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी कायद्याने असे संबंधच गुन्हा, म्हणून पोराचा जन्मच गुन्ह्याचा पुरावा. अ‍ॅडम केचं ‘धिस इज गोइंग टू हर्ट’ (२०१७) ही ब्रिटनमधल्या तरुण डॉक्टरची रोजनिशी. घरात कोणी डॉक्टर असेल तर ती आधी त्यांच्या हातात द्या.

तिसरी जात सर्वांत अवघड. तिथे सांगणारा हसत नाही आणि हसवायलाही बसलेला नसतो. तो इतकं सपाट, इतकं नेमकं सांगतो की वाचताना ओठ हलतात आणि लगेच लाज वाटते. आपल्याकडची कितीतरी दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं इथे येतात. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) तर एका संवादासारखं उभं आहे: शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार. स्वतःचीच अशी दोन माणसं करून एकाने दुसऱ्याची कहाणी ऐकायची, यातला कडवटपणा पहिल्याच पानांत जाणवतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. ही पुस्तकं ‘गमतीसाठी’ म्हणून हातात घेऊ नका. त्यातलं हसू लिहिणाऱ्याच्या हक्काचं आहे, भुकेतून आणि अपमानातून कमावलेलं. आपण ते ऐकायचं, त्याच्याबरोबर थांबायचं. दुसऱ्याला पुस्तक सुचवतानाही “भारी कॉमेडी आहे” असं सांगू नये.

या वाटेने नव्याने जाणाऱ्याला मी आधी ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) देते. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणणं. लेखिकेची आई ते काम करायची आणि पुस्तकाची वीणही तशीच आहे. कोकणातल्या बायकांचं बोलणं त्यात असं उतरलंय की दुःखाच्या प्रसंगीही कोणीतरी फटकळ बाई मधेच तोंड उघडते.

३. ‘विनोदी’ हा शब्द शोधातून काढून टाका

दुकानात, वाचनालयात किंवा संगणकावर ‘विनोदी’ म्हटलं की विनोदी लेखनच पुढे येतं आणि तुमचं पुस्तक हमखास हुकतं. त्याऐवजी आत्मकथन, आत्मचरित्र, आत्मवृत्त, स्वकथन, आठवणी, रोजनिशी हे शब्द एकेक करून टाकून पाहा. प्रत्येकाने वेगळी यादी येते. मराठीत ‘आत्मचरित्र’ बहुधा नामवंतांच्या पूर्ण आयुष्याला म्हणतात आणि ‘आत्मकथन’ हा शब्द दलित साहित्याबरोबर रुजला, म्हणून एकाच शब्दावर थांबलात तर अर्धं कपाट बंद राहतं. नावं देवनागरीत टाइप करा आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही पाहा.

पाठीमागच्या मजकुरावर विसंबू नका. ‘हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारं’ हे वाक्य इतक्या पुस्तकांवर छापलेलं असतं की त्याचा काही उपयोग उरलेला नाही.

४. वाचनालयात स्वतः जा आणि रॅकसमोर उभे राहा

महाराष्ट्रात जुन्या वाचनालयांची श्रीमंती आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. छापायची थांबलेली पुस्तकं अशाच जागी भेटतात.

जिथे ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत, वापरतात तिथे एक अडचण येते, ती आधीच माहीत असू द्या. चरित्रं-आत्मचरित्रं ९२० च्या आसपास असतात, मराठी विनोद ८९१.४६७ ला आणि आठवणी-रोजनिश्यांसारखं लेखन ८९१.४६८ ला. म्हणजे तुम्हाला हवं ते पुस्तक दोन टोकांच्या दोन रॅकवर कुठेही असू शकतं. दोन्हीकडे फिरा. अनेक छोट्या वाचनालयांची स्वतःची वेगळीच मांडणी असते, तिथे सरळ विचारा.

विचारायचं कसं, हे महत्त्वाचं. “काहीतरी चांगलं द्या” म्हणाल तर सध्या गाजतंय ते मिळेल. वहीतली ओळ वाचून दाखवा: “मला असं हवंय ज्यात बाई घरातलं वाईटातलं वाईट सांगते, पण कुढत नाही.” आमच्या वाचनालयातल्या ताईंनी हे ऐकून क्षणभर विचार केला आणि शिडी लावून वरच्या फळीवरून पुस्तक काढलं. संध्याकाळी सहा-सातला काउंटरवर गर्दी असते. दुपारी जा, त्यांना बोलायला सवड असते.

दिवाळी अंकही विसरू नका. आठवणीपर लेखन पुष्कळदा आधी तिथे येतं आणि पुस्तक पुढे होतं. पंधरा पानांच्या लेखात लेखकाचा आवाज पुरेसा कळतो.

५. मृत्यूचं पान वाचून पाहा

पुस्तक घरी न्यायचं की नाही हे ठरवायला मी दोन पानं वाचते. एक पहिलं. दुसरं, ज्यात घरातलं कोणी जातं ते. चाळताना ते दहा मिनिटांत सापडतं, कारण कुठल्याही प्रामाणिक आत्मकथनात मृत्यू असतोच.

त्या पानावर लेखक काय करतो ते बघा. एकदम मोठमोठे शब्द वापरायला लागला, ‘काळाने घाला घातला’ छापाचं लिहू लागला, तर बाकीच्या पुस्तकातलं हसूही वरवरचं निघण्याची शक्यता जास्त. पण तिथेही त्याला बारीकसारीक गोष्टी दिसत असतील, कोणी चहा टाकला, कोणाची चप्पल हरवली, कोण नको ते बोललं, तर डोळे मिटून घरी न्या. दुःखात माणसाचं लक्ष अशाच गोष्टींवर जातं. आईजवळ बसून मी हे अनुभवलंय.

६. अनुवादकाचं बोट धरा

या लेखातली एकच पायरी लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. चांगला अनुवादक एखाद्या पुस्तकाबरोबर महिनोन्‌महिने राहतो. आवाज ओळखण्यात त्याचा कान आपल्यापेक्षा तयार असतो. तुम्हाला आवडलेल्या पुस्तकाचा अनुवाद कोणी केला ते शोधा, आणि त्या माणसाने आणखी काय अनुवादलं, स्वतः काय लिहिलं, ते बघा.

मी ‘स्मृतिचित्रे’पासून निघाले. त्याचा अलीकडचा इंग्रजी अनुवाद शांता गोखले यांचा, २०१७ चा. त्यांनी स्वतःच्या आठवणी ‘वन फुट ऑन द ग्राउंड’ (२०१९) मध्ये लिहिल्या आहेत, त्याही शरीराच्या निमित्ताने. बालपणापासूनच्या दुखण्याखुपण्यांमधून एक आख्खं आयुष्य उलगडत जातं. आजारपणाबद्दल इतकं मोकळं आणि खेळकर लिहिता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शांता गोखल्यांनी मराठीत आणलेलं एक पुस्तक म्हणजे ‘एम आणि हूमराव’. मूळ इंग्रजी ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) जेरी पिंटो यांचं. आहे कादंबरी, पण घर खरं वाटतं. माहीमचा छोटासा फ्लॅट, गोव्याशी नाळ असलेलं कॅथलिक कुटुंब, मनाच्या आजाराशी झगडणारी, पुन्हा पुन्हा स्वतःला संपवू पाहणारी आई. आणि ही आई विलक्षण हजरजबाबी, तोंडाने फटकळ, बिड्या ओढणारी. तिच्या बोलण्यावर पोरं हसतात आणि त्याच वेळी घाबरलेली असतात. त्या दवाखान्यातल्या रात्रीशी सर्वांत जवळचं मला सापडलेलं पुस्तक हेच.

आता जेरी पिंटोंच्या मागे गेलात तर काय होतं बघा. ‘बलुतं’चा इंग्रजी अनुवाद त्यांचा. आणि मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनाचाही. शाहीर अमर शेखांची मुलगी, नामदेव ढसाळांशी लग्न. म्हणजे पुन्हा एका मोठ्या कवीची बायको! लक्ष्मीबाईंच्या लेखनानंतर पन्नास वर्षांनी, दुसऱ्या जगात, तोच प्रश्न: कवीबरोबर संसार करायचा म्हणजे काय? इथे राग उघडा आहे, माया फार कमी उरली आहे, हसू क्वचित आणि धारदार. ‘स्मृतिचित्रे’नंतर लगेच वाचू नका, मधे दोन-तीन पुस्तकं जाऊ द्या. पण वाचा. लक्ष्मीबाईंनी ज्या गोष्टी हसून पलीकडे नेल्या, त्या मला या पुस्तकानंतर नव्याने दिसल्या.

दोन अनुवादकांनी मला चार पुस्तकं दिली. रॅकवर फिरून ही साखळी मला कधीच जुळवता आली नसती.

७. मराठीच्या कुंपणाबाहेर, पण दूर नाही

देवनागरी वाचता येते म्हणजे हिंदीचं दार उघडंच आहे. पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचं ‘अपनी खबर’ (१९६०) छोटंसं आहे. ‘बेचन’ म्हणजे विकलेला. आधीची मुलं जगत नव्हती, म्हणून जन्मतःच या मुलाला नावापुरतं विकून टाकलं, मृत्यूची नजर चुकवायला. आपल्याकडे दगडू, धोंडू, भिकू अशी नावं याच भीतीपोटी ठेवायचे. नावात एवढी मोठी धास्ती आणि तेच नाव आयुष्यभर मिरवायचं, या एका गोष्टीवर मी कितीतरी वेळ थांबले होते. हिंदी सवयीची नसेल तर पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, पुढे अडत नाही.

आणखी मागे जायची हौस असेल तर बनारसीदासाचं ‘अर्धकथानक’ आहे, १६४१ सालचं, पद्यात. व्यापारात पुन्हा पुन्हा बुडालेला आणि नऊ मुलं गमावलेला हा जैन व्यापारी स्वतःच्या फजित्या मोकळेपणाने सांगतो. भाषा जुनी, म्हणून अर्थासह छापलेली प्रत घ्या.

चित्रकथा मुलांसाठी असतात असं वाटत असेल तर मर्जान सत्रापींचं ‘पर्सेपोलिस’ बघा. इराणमधली क्रांती, युद्ध आणि एक तोंडाळ मुलगी. अ‍ॅलिसन बेक्डेल यांचं ‘फन होम’ (२००६) त्याहून काळं: घरचा व्यवसाय अंत्यसंस्कारांचा, आणि वडिलांच्या मृत्यूचं कोडं.

आत्मकथनांवरून कादंबरीकडे वळायचं असेल तर नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३). तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याचं हसवणं अंगवळणी पडतं न पडतं तोच त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं प्रकरण येतं. पाचव्या पायरीतली कसोटी इथे लावून बघा.

८. विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासा

पहिली, पुस्तक पूर्ण आहे का. ‘स्मृतिचित्रे’ मुळात १९३४ पासून चार भागांत आलं, आणि त्याची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे. मुखपृष्ठावर ते ठळक दिसेलच असं नाही. आतल्या पानावर ‘संक्षिप्त’, ‘संपादित’ हे शब्द शोधा. माझ्या मैत्रिणीने संक्षिप्त प्रत वाचली आणि तिला कळेना मी एवढी वेडी का झाले. गाळताना आधी बारीकसारीक प्रसंग जातात, आणि हसू नेमकं त्यातच असतं.

दुसरी, विकत घ्यायची गरज आहे का. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, म्हणून मूळ मराठी मजकूर आता सर्वांचा आहे. परदेशात असाल आणि छापील प्रत मिळत नसेल तर जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती शोधा. नव्या अनुवादाला आणि प्रस्तावनेला मात्र वेगळा हक्क असतो, ते फुकट उतरवून घेऊ नका.

तिसरी, अनुवाद कसा आहे. वाईट अनुवादात अशा पुस्तकातलं पहिल्यांदा मरतं ते हसू. मधलं कुठलंही संवादाचं पान उघडा. माणसं मराठीत बोलतायत असं वाटलं नाही आणि मूळ इंग्रजी झेपत असेल तर मूळच घ्या.

चौथी, ऐकायचं पुस्तक असेल तर आधी नमुना ऐका. वाचणारा प्रत्येक विनोदावर जोर देत असेल तर तिसऱ्या जातीचं पुस्तक त्याच्या आवाजात ऐकवत नाही.

९. वाचण्याचा क्रम

लागोपाठ तीन जड पुस्तकं घेऊ नका. मी ‘बलुतं’ आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ पाठोपाठ वाचली आणि दुसऱ्याला न्याय देऊ शकले नाही. मधे एखादं प्रवासवर्णन, कविता, काहीही हलकं ठेवा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा क्रम असा: आधी ‘आयदान’, मग ‘एम आणि हूमराव’, मग ‘बलुतं’, आणि त्यानंतर पाहिजे तिकडे.

पन्नास पानांत आवाज लागला नाही तर पुस्तक बंद करायला संकोचू नका, फक्त वहीत एक ओळ लिहा, का नाही लागला. सहा महिन्यांनी तीच ओळ वाचून मी दोन पुस्तकं पुन्हा आणली आणि दोन्ही पुरी केली.

आणि पुस्तक परत करताना काउंटरवर नुसतं ठेवून येऊ नका. काय आवडलं, काय नाही, दोन वाक्यं सांगा. आमच्या ताई आता माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवतात, वर माझ्या नावाची चिठ्ठी लावून. आई घरी आली तेव्हा त्यांनी तिच्यासाठीही एक काढलं होतं, मोठ्या टाइपातलं. दुपारी ती उशीला टेकून वाचत असते आणि मधेच हसू आलं की मला हाक मारून तेवढाच परिच्छेद वाचून दाखवते.